ट्रान्समीटरपासून अँटेनापर्यंत : वायरलेस ध्वनीसाठी मापाची केबल कशी बनवावी

गोव्यात फोंडा तालुक्यातील एका देवस्थानच्या कालोत्सवात रात्रीच्या नाटकाआधी नाट्यगीतांचा कार्यक्रम होता आणि ध्वनिव्यवस्था माझ्याकडे होती. गायिकेने कानात इन-इअर मॉनिटर, म्हणजे गाणाऱ्याला स्वतःचा आणि साथीचा आवाज ऐकवणारा बिनतारी छोटा स्पीकर, लावला होता, त्याचा ५० मिलीवॅटचा ट्रान्समीटर विंगेतल्या रॅकमध्ये होता आणि अँटेना तिथून सात मीटरवर, रंगमंचाच्या कडेला, स्टँडवर उभा केला होता. गायिका मधोमध बसून गात होती तोपर्यंत सर्व ठीक चालले. ती उठून पलीकडच्या बाजूला गेली आणि कमरेचा बेल्टपॅक, म्हणजे त्या मॉनिटरचा रिसीव्हर, तिच्या शरीराआड आला की कानातला आवाज खरखरू लागे, मधूनच तुटे. मध्यंतरात रॅकच्या मागे टॉर्च मारला तेव्हा कारण दिसले. अँटेनाला जोडलेली तयार केबल २५ मीटरची होती आणि तिचे उरलेले १८ मीटर वेटोळे करून रॅकमागे ठेवले होते.

त्या केबलमध्ये कसलाही बिघाड नव्हता. त्या जातीची केबल ६०० मेगाहर्ट्झच्या आसपास दर मीटरमागे सुमारे ०.४ डेसिबल खाते, म्हणजे २५ मीटरमध्ये १० डेसिबल. दहा डेसिबल जाणे याचा अर्थ शक्तीच्या दहा हिश्श्यांपैकी नऊ हिस्से केबलमध्येच उष्णता होऊन संपणे. ट्रान्समीटर ५० मिलीवॅट देत होता आणि अँटेनापर्यंत ५ मिलीवॅट पोचत होते. त्याच केबलचा सात मीटरचा तुकडा असता तर २६ मिलीवॅट पोचले असते, म्हणजे पाचपटीहून अधिक. त्या रात्रीनंतर मी अँटेनाच्या केबली मापानुसार स्वतः बनवू लागलो आणि हे काम करताना जे समजले ते इथे शक्य तितक्या सोप्या शब्दांत मांडत आहे.

सुरुवातीलाच एक फरक लक्षात घ्यायला हवा, कारण पुढचे सर्व त्यावर उभे आहे. कॉर्डलेस माइकच्या रिसीव्हरला लांब केबल लागली तर आपल्याकडे एक सोय असते: अँटेनाच्या बुडाशीच छोटा ॲम्प्लिफायर बसवता येतो, तो संकेत आधी वाढवतो आणि मग केबलने त्यातले काही खाल्ले तरी भागते. प्रक्षेपणाच्या बाजूला क्रम उलटा आहे. शक्ती रॅकमध्ये तयार होते, मग ती केबलमधून जाते आणि जे उरेल तेच अँटेना हवेत सोडतो. केबलने खाल्लेले भरून काढायला पुढे कोणी नसते. अँटेनाजवळ आणखी एक पॉवर ॲम्प्लिफायर टाकण्याचा मोह काहींना होतो, परंतु आपल्याकडे वारंवारतांचे वाटप आणि परवाने दूरसंचार विभागाच्या वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन शाखेकडे असतात आणि उपकरणाला मिळालेली मान्यता त्याच्या ठरलेल्या शक्तीपुरती असते, त्यामुळे त्या वाटेला जाऊ नये. ट्रान्समीटरच्या केबलमध्ये जे गेले ते गेले, असे समजूनच केबल निवडावी आणि बनवावी.

मग अँटेना रॅकलाच का लावू नये, असा प्रश्न साहजिक आहे. ६०० मेगाहर्ट्झची लहर ५० सेंटिमीटर लांब असते. लोखंडी रॅक, विंगेत उभी असलेली माणसे आणि आपल्याकडच्या देवळांच्या व त्यांच्या आवारातल्या अग्रशाळांच्या (धर्मशाळांच्या) जाड चिरेबंदी भिंती या सर्व गोष्टी तिला अडवतात. माणसाच्या शरीरात पाणी भरपूर असते आणि पाणी या लहरी शोषते. म्हणून अँटेना उंच, कलाकार थेट दिसेल अशा ठिकाणी असावा लागतो. शिवाय इन-इअरचा प्रक्षेपक अँटेना आणि माइकच्या रिसीव्हरचे अँटेना यांच्यात निदान तीन मीटरचे अंतर ठेवणे चांगले, नाहीतर जवळच्या जोरदार लहरीपुढे रिसीव्हरला दूरच्या माइकची बारीक लहर ऐकू येईनाशी होते. रॅक आणि अँटेना यांच्यात केबल येते ती या कारणांमुळे. ती जागेला लागेल तेवढीच असावी, आणि बाजारात मिळणारी तयार केबल तेवढीच असेल असे क्वचितच घडते.

डेसिबलचा हिशेब अवघड वाटतो, पण दोन आकडे पाठ असले की पुरते: ३ डेसिबल गेले की शक्ती निम्मी, १० डेसिबल गेले की दहावा हिस्सा. आता केबलींकडे पाहू. बोटाएवढ्या जाडीची, सुमारे १० मिलिमीटर व्यासाची, फेसाळ प्लॅस्टिकची ४०० क्रमांकाची केबल ६०० मेगाहर्ट्झला मीटरमागे साधारण ०.१ डेसिबल खाते. सहा मिलिमीटरची २४० क्रमांकाची केबल त्याच्या दुप्पट, म्हणजे ०.२ डेसिबल. पाच मिलिमीटरची जुनी, सर्वत्र मिळणारी आरजी-५८ आणखी दुप्पट, म्हणजे ०.४ डेसिबल. त्यामुळे २० मीटर जाड केबल, १० मीटर मध्यम केबल आणि ५ मीटर आरजी-५८ या तिन्हींचा खर्च सारखाच येतो, २ डेसिबल. शंभरातले ६३ हिस्से अँटेनाला पोचतात. उलट आरजी-५८ ची लांबी २० मीटर केली तर ८ डेसिबल जातात आणि शंभरातले १६ हिस्सेच पोचतात. मेकनुसार आणि तारेच्या घडणीनुसार हे आकडे थोडे हलतात, पण त्यांचे आपसातले प्रमाण टिकते. आरजी-१७४ ही पेन्सिलीहून बारीक केबल हाताळायला सुंदर आहे, मात्र ती आरजी-५८ च्या जवळजवळ दुप्पट खाते. ती रॅकच्या आत फूटभर जोडणीसाठी ठेवावी, बाहेर काढू नये.

माझा स्वतःचा नियम २ डेसिबलचा आहे. जागा पाहून आल्यावर मी रॅक कुठे बसेल, अँटेना कुठे उभा राहील आणि केबल कोणत्या वाटेने जाईल ते दोरीने मोजतो, दोन्ही टोकांना मिळून दीड मीटर सैल धरतो आणि मग २ डेसिबलच्या आत बसेल ती केबल घेतो. सतार-तबल्याच्या छोट्या मैफलीत पाच मीटर पुरतात, तिथे आरजी-५८ च्याच जाडीची पण फेसाळ प्लॅस्टिकची १९५ क्रमांकाची केबल उत्तम चालते आणि सुमारे ०.३ डेसिबलच खाते. पणजीतल्या कांपालच्या मैदानासारख्या मोकळ्या जागी १५ ते २० मीटर लागले तर जाड केबलीला पर्याय नाही. २.४ गिगाहर्ट्झवर चालणारी उपकरणे असतील तर हे सर्व आकडे दुपटीहून थोडे अधिक धरावेत, कारण वारंवारता चौपट झाली की तांब्यातला तोटा साधारण दुप्पट होतो आणि प्लॅस्टिकमधला त्याहून जास्त वाढतो.

केबलच्या पोटात काय असते ते आता पाहू. मधोमध तांब्याची तार असते, तिला गाभा म्हणू. तिच्याभोवती पांढरे पॉलिथिलीन, त्यावर चांगल्या केबलीत ॲल्युमिनियमची फॉइल, त्यावर बारीक तारांची विणलेली जाळी आणि सर्वांत बाहेर काळे आवरण. एकाच अक्षाभोवती बसवलेल्या दोन वाहकांची ही रचना ऑलिव्हर हेव्हिसाइड यांनी १८८० मध्ये इंग्लंडमध्ये पेटंट केली होती. आपल्याला वाटते की संकेत तांब्यातून धावतो. खरे पाहता लहर गाभा आणि जाळी यांच्या मधल्या पांढऱ्या प्लॅस्टिकमधून धावते आणि दोन्ही बाजूंचे धातू तिला वाट दाखवतात. घट्ट पॉलिथिलीनमध्ये तिचा वेग प्रकाशाच्या ६६ टक्के असतो, फेसाळ पॉलिथिलीनमध्ये ८० टक्क्यांच्या वर. हा आकडा पुढे केबल तपासताना उपयोगी पडतो.

जाळीचा आतला व्यास आणि गाभ्याचा व्यास यांच्या गुणोत्तरावरून आणि मधल्या प्लॅस्टिकवरून केबलचा इम्पिडन्स, म्हणजे लहरीला केबलीत जाणवणारा ओहममध्ये मोजायचा अडथळा, ठरतो. केबल लांब असो वा आखूड, तो तोच राहतो. मध्ये हवा असलेल्या केबलीत सर्वांत कमी तोटा ७७ ओहमच्या आसपास होतो आणि सर्वांत जास्त शक्ती ३० ओहमच्या आसपास झेपते. ५० ओहम ही त्या दोहोंमधली तडजोड आहे आणि आपली सर्व प्रक्षेपक उपकरणे तिच्यावर बेतलेली आहेत. दूरदर्शन संच आणि डिशच्या जगाने कमी तोट्याची बाजू घेतली, म्हणून तिथे ७५ ओहम आहे.

इथे मला नेहमी विचारले जाते की डिशची आरजी-६ केबल लावली तर काय बिघडेल, ती तर स्वस्त आहे आणि कुठल्याही गावात मिळते. या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर द्यायचे तर, लोक समजतात तेवढे बिघडत नाही. ५० आणि ७५ ओहमच्या एका सांध्यावर ४ टक्के शक्ती मागे फिरते. केबलच्या दोन्ही टोकांना असे सांधे आले आणि लांबी नेमकी प्रतिकूल पडली तर मागे फिरणारा हिस्सा १५ टक्क्यांपर्यंत जातो, म्हणजे सुमारे ०.७ डेसिबल. लांब अंतराला आरजी-६ इतके गमावूनही आरजी-५८ पेक्षा पुढे राहते, कारण मुळात तिचा तोटा निम्म्याहून कमी आहे. मी ती तरीही वापरत नाही. तिचा गाभा बहुधा तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाचा असतो आणि तो सारखा गुंडाळून-उलगडून मोडतो. जाळी ॲल्युमिनियमची असते, तिला साधे सोल्डर धरत नाही. आणि ५० ओहमचे क्रिंप, म्हणजे पकडीने दाबून बसवायचे, कनेक्टर तिच्यावर नीट बसत नाहीत. अडीअडचणीला एका रात्रीपुरती लावली तर कार्यक्रम पार पडेल, पण कायमच्या सामानात तिला जागा देऊ नये.

एक समज मात्र पूर्णपणे सोडून द्यावा, तो म्हणजे केबलची लांबी लहरीच्या अर्ध्या लांबीच्या पटीत असावी लागते हा. ट्रान्समीटर ५० ओहमचा, केबल ५० ओहमची आणि अँटेनाही ५० ओहमचा असेल तर लांबीचा परिणाम फक्त तोट्यावर होतो. लागेल तेवढी कापावी.

आता ध्वनीचे काम करणाऱ्यांची, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांची, हमखास होणारी चूक. माइकच्या केबलला एक्सएलआर, म्हणजे माइकचा नेहमीचा तीन पिनांचा कनेक्टर, लावताना आपण जाळी सोडवून पिळतो, तिची शेपटी करतो आणि ती एका टोकाला सोल्डर करतो. हाताला ती सवय इतकी जडलेली असते की अँटेनाच्या केबललाही तसेच केले जाते. दोन सेंटिमीटरची अशी शेपटी घ्या. तिचे इंडक्टन्स, म्हणजे बदलत्या प्रवाहाला अडवण्याचा गुण, साधारण २० नॅनोहेन्री भरते. ध्वनीच्या २० किलोहर्ट्झला तिचा अडथळा एका ओहमच्या चारशेव्या भागाएवढा असतो, म्हणजे नसल्यासारखाच. तीच शेपटी ६०० मेगाहर्ट्झला ७५ ओहमचा अडथळा बनते. पन्नास ओहमच्या वाटेवर, नेमक्या दाराशी, आपण ७५ ओहमचा दगड ठेवलेला असतो आणि मल्टिमीटर लावला तर जोडणी अगदी ठणठणीत दाखवतो. म्हणून या कामात जाळी कधीही पिळायची नाही. ती कनेक्टरच्या गळ्याभोवती चारही बाजूंनी गोल, सलग टेकली पाहिजे. क्रिंप पद्धतीत हे आपोआप साधते, आणि घरी काम करणाऱ्यासाठी मी तीच सुचवतो.

कनेक्टरचा प्रश्न फार गुंतागुंतीचा नाही. इन-इअर ट्रान्समीटर आणि रॅकमधल्या रिसीव्हरवर बहुतेक वेळा बीएनसी असतो. पाव वळणात बसणाऱ्या या कनेक्टरच्या नावात बेल प्रयोगशाळेतील पॉल नील आणि ॲम्फेनॉलमधील कार्ल कॉन्सेलमन या दोघांची आद्याक्षरे आहेत. जाड केबलला आणि उघड्यावरच्या अँटेनाला आट्यांचा एन कनेक्टर चांगला. बीएनसी ५० आणि ७५ ओहम अशा दोन्ही जातींत मिळतो आणि दोन्ही एकमेकांत बसतात, म्हणून विकत घेताना विचारून घ्यावे. एनच्या बाबतीत ५० ओहमची जाड पिन ७५ ओहमच्या सॉकेटमध्ये घातली तर सॉकेट कायमचा फाकतो. २.४ गिगाहर्ट्झच्या उपकरणांवरचा छोटा आट्यांचा एसएमए कधी कधी उलट्या पिनेचा असतो: आटे जुळतात, पण मधोमध पिनेसमोर पिन किंवा भोकासमोर भोक येते. जोडण्यापूर्वी आत डोकावून पाहावे.

प्रत्यक्ष बनवायला १९५ किंवा २४० क्रमांकाची केबल, तिच्याच मापाचे क्रिंप बीएनसी, योग्य डायची (दाबणाऱ्या साच्याची) क्रिंप पक्कड, केबल सोलण्याचे फिरते हत्यार, धारदार छोटी कात्री आणि आतून गोंद असलेली हीट श्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आकसणारी, नळी एवढे सामान लागते. डायचे माप हा या सर्वांतला कळीचा भाग आहे. १९५ आणि आरजी-५८ च्या फेरूलला, म्हणजे जाळीवर बाहेरून दाबायच्या धातूच्या नळीला, ५.४ मिलिमीटरचा षट्कोनी डाय लागतो, २४० च्या फेरूलला ६.५ मिलिमीटरचा. चुकीच्या डायने दाबलेली फेरूल पहिल्या दिवशी घट्ट वाटते आणि दहाव्या कार्यक्रमाला फिरू लागते.

केबल कापल्याबरोबर प्रथम हीट श्रिंक आणि फेरूल तिच्यात ओवून मागे सरकवून ठेवावी. ही पायरी विसरली की सगळे काम संपल्यावर फेरूल टेबलावर हसत पडलेली दिसते आणि कनेक्टर वाया जातो. त्यानंतर सोलणे. तीन टप्प्यांत सोलायचे असते: बाहेरचे काळे आवरण, मग जाळी, मग पांढरे प्लॅस्टिक, म्हणजे टोक पायरीपायरीने निमुळते होते. प्रत्येक टप्प्याची लांबी कनेक्टरबरोबर येणाऱ्या कागदावर दिलेली असते. एका मेकची मापे दुसऱ्याला लागू पडत नाहीत, म्हणून कागद नसलेला कनेक्टर घेऊच नये. हत्यार आधी केबलच्या टाकाऊ तुकड्यावर लावून पाहावे. पाते इतकेच खोल जावे की आवरण कापले जाईल आणि जाळीच्या तारा शाबूत राहतील. गाभ्यावर पात्याची बारीकशी वर्तुळाकार रेघ उमटली तरी तो तुकडा कापून टाकून पुन्हा सुरुवात करावी, कारण भरीव गाभा वाकताना नेमका त्या रेघेवर तुटतो, आणि तो आतल्या आत तुटल्यामुळे बाहेरून काहीच दिसत नाही.

सोललेले टोक उजेडात धरून पाहावे. गाभ्यावर फेसाळ प्लॅस्टिकचा पापुद्रा राहिलेला असतो, तो नखाने खरवडून काढावा; धातूने खरवडू नये. जाळीची एखादी तार गाभ्याकडे वळली असेल तर ती कापावी. असा एकच केस दोघांना चिकटला की सगळी केबल शॉर्ट होते. मग मधली पिन गाभ्यावर चढवायची. ती पांढऱ्या प्लॅस्टिकला टेकली पाहिजे आणि पिनेच्या बाजूच्या बारीक भोकातून तांबे दिसले पाहिजे. तांबे दिसत नसेल तर गाभा आखूड पडला आहे. पिन क्रिंपची असेल तर १.७ मिलिमीटरच्या डायने एकदाच, पूर्ण दाबावी. सोल्डरची असेल तर तापलेले टोक पिनेला लावून भोकातून थेंबभर सोल्डर सोडावे आणि दोन सेकंदांत हात काढावा. पॉलिथिलीन ११० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळू लागते आणि आपले सोल्डरिंग आयर्न ३५० अंशांवर असते. हात रेंगाळला की प्लॅस्टिक मऊ होते, गाभा मध्यावरून एका बाजूला सरकतो आणि त्या जागेपुरता इम्पिडन्स बदलतो. बाहेरून लागलेले सोल्डर पुसून घ्यावे, नाहीतर जाड झालेली पिन समोरचा सॉकेट फाकवते.

आता जाळी हलकेच फुलासारखी उमलवून कनेक्टर पुढून सरकवायचा. त्याच्या मागच्या बारीक गळ्याच्या आत पांढरे प्लॅस्टिक आणि त्याला चिकटलेली फॉइल जाते, जाळी गळ्याच्या बाहेर राहते. पिन जागेवर बसली की बोटांना टक् असे जाणवते; तो टक् येईपर्यंत पुढे जाऊ नये. पुढून पाहिल्यास पिनेचे टोक तयार कनेक्टरच्या पिनेएवढ्याच पातळीवर दिसले पाहिजे. जाळी गळ्यावर सारखी पसरवावी, फेरूल पुढे आणून कनेक्टरच्या अंगाला भिडवावी आणि पकडीने दाबावी. फेरूल लांब असेल तर दुसरा दाब शेजारी द्यावा, पण पक्कड फिरवून त्याच जागी पुन्हा दाबू नये. डोकावणाऱ्या तारा कापाव्यात, हीट श्रिंक फेरूल आणि आवरण दोन्ही झाकेल अशी आणून गरम करावी आणि गोंद कडेने किंचित बाहेर येताना दिसला की थांबावे. गार झाल्यावर कनेक्टर आणि केबल दोन हातांत धरून बऱ्यापैकी जोराने ओढून पाहावे.

तपासणीची पहिली पायरी मल्टिमीटर आहे आणि ती केवळ ढोबळ चुका पकडते: पिनेपासून पिनेपर्यंत जोड हवा, कनेक्टरच्या बाहेरच्या अंगापासून अंगापर्यंत जोड हवा, पिन आणि अंग यांच्यात मुळीच नको. केबल दोन्ही टोकांना मोकळी असतानाच हे पाहावे, कारण अनेक अँटेना आतून मुद्दामच शॉर्ट असतात. ही तपासणी कधीही टाळू नये, कारण तीच केबल उद्या एखाद्या रिसीव्हरला लागली आणि त्या रिसीव्हरने सक्रिय, म्हणजे बुडाशी ॲम्प्लिफायर असलेल्या, अँटेनासाठी केबलमधून वीज सोडली, तर शॉर्ट केबल त्याचे नुकसान करू शकते.

खरे उत्तर देते ते व्हेक्टर नेटवर्क ॲनालायझर नावाचे यंत्र. पूर्वी ते प्रयोगशाळेतच दिसे; आता नॅनोव्हीएनए हा खिशात मावणारा प्रकार काही हजार रुपयांत मिळतो आणि आपल्या वारंवारतांच्या पट्ट्यासाठी तो पुरेसा आहे. आधी त्याच्याबरोबर येणाऱ्या ओपन, शॉर्ट आणि ५० ओहमच्या तुकड्यांनी त्याचे कॅलिब्रेशन करावे. मग केबलचे एक टोक यंत्राला आणि दुसरे ५० ओहमच्या तुकड्याला लावून मागे किती फिरते ते पाहावे. रिटर्न लॉस २० डेसिबल किंवा त्याहून जास्त असेल तर शंभरातला एक हिस्सा किंवा त्याहूनही कमी परत येत आहे आणि काम उत्तम झाले आहे. १५ च्या खाली गेला तर मी कनेक्टर कापून नवा लावतो. तोटा मोजायला दोन्ही टोके यंत्राच्या दोन पोर्टांना लावावीत. एकच पोर्ट मोकळा असेल तर दूरचे टोक उघडे ठेवूनही काम होते, कारण लहर जाऊन परत येते आणि दुप्पट तोटा दिसतो: १० मीटरच्या २४० केबलला ४ डेसिबलच्या आसपास आकडा आला तर २ डेसिबलचा तोटा पक्का. यंत्राला केबलमधला लहरीचा वेग सांगितला तर बिघाड किती मीटरवर आहे तेही ते दाखवते. एका केबलीत मला सव्वाचार मीटरवर आलेखात उंचवटा दिसला. तिथे हात फिरवल्यावर आवरण किंचित चपटे लागले, बहुधा तिच्यावरून फ्लाइट केसचे, म्हणजे सामानाच्या जड पेटीचे, चाक गेले असावे. हे यंत्र चालू ट्रान्समीटरला मात्र चुकूनही जोडू नये. ट्रान्समीटरच्या शक्तीने त्याचे इनपुट जळू शकते.

गोव्यात या सर्वांवर आणखी एक गोष्ट चढते, ती म्हणजे खारी हवा आणि पाऊस. ६०० मेगाहर्ट्झचा प्रवाह तांब्याच्या अगदी वरच्या थरातून वाहतो. त्या थराची जाडी ०.००३ मिलिमीटरहूनही कमी असते. मीठ आणि ओल धातूचा जो थर सर्वांत आधी खातात तो नेमका हाच. म्हणूनच जाळी काळी पडलेली केबल मल्टिमीटरवर निर्दोष दिसते आणि ट्रान्समीटरवर निकामी ठरते. कनेक्टरच्या मागून पाणी शिरले की जाळी दिव्याच्या वातीसारखी ते आत ओढत नेते, आणि पाण्याचे विद्युत गुणधर्म पॉलिथिलीनपेक्षा इतके वेगळे आहेत की लहरीची वाटच बदलते. उघड्यावरच्या कार्यक्रमात मी प्रत्येक सांध्यावर स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळतो, त्यावर साधी पीव्हीसी टेप खालून वर अशी गुंडाळतो, म्हणजे कौलांप्रमाणे वरचा वेढा खालच्यावर येतो आणि पाणी ओघळून जाते. केबल अँटेनाकडे वर चढण्यापूर्वी तिला खाली एक झोळ द्यावा. पावसाचे थेंब त्या झोळाच्या तळाशी येऊन गळतात, कनेक्टरपर्यंत पोचत नाहीत. मांडवीकाठच्या किंवा समुद्राजवळच्या कार्यक्रमानंतर कनेक्टर कोरड्या फडक्याने पुसून त्यांना टोप्या लावाव्यात, आणि जून ते सप्टेंबर केबली हवाबंद पेटीत सिलिका जेलबरोबर ठेवाव्यात.

गुंडाळण्याचीही शिस्त हवी. कोपरावरून दोरीसारखी गुंडाळलेली केबल आतून पिळली जाते आणि फेसाळ प्लॅस्टिक दबते. मोठे, सैल वेढे घालावेत. ४०० क्रमांकाच्या केबलला सारखे गुंडाळायचे असेल तर वेढ्याची त्रिज्या १० सेंटिमीटरहून कमी होऊ देऊ नये. रोजच्या फिरत्या कामाला तिचाच सुट्या तारांच्या गाभ्याचा लवचीक प्रकार मिळतो. तो थोडा अधिक खातो, पण मोडत नाही, आणि नाटकाच्या दौऱ्यावर मी तोच नेतो.

प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना मी पारदर्शक हीट श्रिंकखाली कागदाची पट्टी ठेवतो: केबलचा क्रमांक, लांबी, बनवल्याचा महिना आणि त्या दिवशी मोजलेला तोटा. दर वर्षी गणेशचतुर्थीनंतर, हंगाम सुरू होण्याआधी, सर्व केबली पुन्हा मोजून आकडे ताडून पाहतो. तोटा वाढलेला दिसला तर टोक दहा सेंटिमीटर कापतो आणि जाळीचा रंग पाहतो. चकाकती असेल तर तिथेच नवा कनेक्टर लावतो, काळी असेल तर आणखी कापत जातो, आणि मीटरभर कापूनही काळीच निघाली तर ती केबल भंगारात जाते. मी बनवलेली पहिली केबल १० मीटरची होती. तीन वेळा टोके बदलून ती आता साडेनऊ मीटरची झाली आहे, आणि तिच्या पट्टीवर साडेनऊ असेच लिहिलेले आहे.